सीमेपलीकडचं डिझेल

माझ्या मावससासऱ्यांइतका निस्सीम देशप्रेमी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. फक्त त्यांचं प्रेम एका वेळी एकाच राज्यावर असतं, आणि ते राज्य कुठलं हे रोज सकाळी सहा वाजता ठरतं. सहाला पंपांवर डिझेलचा नवा भाव लागतो. सहा वाजून पाच मिनिटांनी काका फोन घेऊन बाल्कनीत उभे असतात. आधी दिल्लीच्या सीमेवरच्या पंपाला फोन, मग नोएडाला, मग फरीदाबादला, आणि शेवटी पार मानेसरच्या पुढे, जिथे त्यांचं काहीही काम नसतं. "भैया, आज का रेट?" एवढंच विचारायचं, तिकडून आकडा यायचा, "अच्छा, धन्यवाद," आणि फोन बंद. या फोनांना इतकी वर्षं झाली की पंपांवरच्या लोकांनी त्यांना 'रेटवाले बाबूजी' असं नाव देऊन टाकलंय. बाबूजींना हे माहीत आहे आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

माझ्या बायकोच्या मावशीचे हे यजमान मूळचे अकोल्याचे. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आयुष्यभर नोकरी केली, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार केला, आणि निवृत्तीनंतर गाझियाबादला फ्लॅट घेतला. आम्हीही दिल्लीत बदलून आलो तेव्हा त्यांच्याच सोसायटीत, एक जिना सोडून, घर घेतलं. घर दाखवायला काकाच घेऊन गेले होते. मी हवा, पाणी, शाळा विचारत होतो, काका म्हणाले, "ते सगळं असतंच हो. पण जावईबापू, इथून दिल्लीची हद्द किती जवळ आहे ते बघा!" मला वाटलं, माझ्या ऑफिसची सोय बघतायत. पुष्कळ महिन्यांनी कळलं की त्या दिवसांत दिल्लीत डिझेल गाझियाबादपेक्षा काही पैशांनी स्वस्त होतं.

काही पैशांनी. रुपयांनी नव्हे. पण काकांची एक पांढरी डिझेल गाडी होती, आणि ती गाडी काकांनी कधीही महाग राज्यात डिझेल पाजून वाढवली नाही. सोसायटीच्या फाटकासमोर, अगदी रस्ता ओलांडला की, एक पंप आहे. त्या पंपावर काकांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. सोवळ्यातल्या माणसाने जावं तसे ते त्याच्यासमोरून अंग चोरून जात. टाकी रिकामी होत आली की ते मावशींना म्हणत, "चला, तुम्हाला सरोजिनीला खरेदी करायची होती ना?" मावशींना काहीही खरेदी करायची नसे, पण त्या पदर खोचून गाडीत बसत. त्यामुळे मावशींच्या कपाटात जितके कुर्ते आहेत, तितक्यांदा काकांनी दिल्लीत टाकी भरली आहे असं खुशाल समजावं. एखादा कुर्ता चांगला दिसतो म्हटलं तर मावशी सांगत, "हा होय? हा नोएडाने भाव वाढवला तेव्हाचा."

गाडी चालवण्याचीही एक पद्धत होती. पन्नासच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. उड्डाणपुलाचा उतार लागला की पाय उचलून घ्यायचा आणि गाडी आपल्या मनाने जाईल तितकी जाऊ द्यायची. मागून हॉर्न वाजले की म्हणायचं, "याला बहुतेक हरियाणात जायचंय." टाकी कधीही निम्म्याच्या वर ठेवायची नाही, कारण उद्या कुठे स्वस्त झालं तर जागा नको का? परिणामी डिझेलचा काटा सदैव तळाशी पडलेला आणि त्याच्या शेजारी एक पिवळा दिवा लागलेला. आमच्या मुलीची लहानपणी अशी समजूत होती की सगळ्याच गाड्यांना तो दिवा असतो, देवापुढे असतो तसा.

एकदा मी धीर करून म्हटलं, "काका, जाण्यायेण्यातच वाचलेलं डिझेल जळून जातं. हिशेब तरी जुळतो का?"

काकांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की मलाच वाईट वाटलं. "जावईबापू, तुम्हाला वाटतं मी पैशांसाठी करतो? अहो, तेल एकच. आलंय एकाच नळीतून. मधे एक घाणेरडा नाला आहे, त्याच्या अलीकडे एक भाव आणि पलीकडे दुसरा. नाल्यातली म्हैस दोन राज्यांत उभी असते! याची तुम्हाला गंमत वाटत नाही?" मग त्यांनी माझं ताट पुढे ओढलं. रविवार होता, मावशींनी श्रीखंड-पुरी केली होती. "हा भात बघा. हे मूळ तेल, सगळीकडे सारखं. हे वरण म्हणजे केंद्राचा कर, तोही सगळ्यांना सारखाच. ही लिंबाची फोड म्हणजे पंपवाल्याचं कमिशन. आता ही चटणी. हा राज्याचा कर. कुणी चिमूटभर वाढतं, कुणी पळीभर. आणि स्वयंपाकघर जितकं लांब, तितकं वाढायला आणायचं भाडं वेगळं. कळलं?" मला कळलं होतं. फक्त तोवर श्रीखंडात चटणी कालवली गेली होती. मावशी म्हणाल्या, "आधी जेवू द्या हो त्यांना. देश नंतर समजावा."

महामारीच्या साली मात्र काकांवर आभाळ कोसळलं. दिल्लीने एकाएकी कर वाढवला आणि तिथलं डिझेल पेट्रोलच्याही वर जाऊन बसलं. काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. टाळेबंदीमुळे गाडी खालीच उभी होती, एक थेंब जळत नव्हता, पण तत्त्वाचा प्रश्न होता. "आयुष्य घालवलं हो त्या शहरात," म्हणाले, "आणि असं वागावं?" नंतर दिल्लीने कर उतरवला तेव्हा त्यांनी आमच्याकडे पेढे पाठवले. साथीच्या भीतीने आम्ही आधी ते घ्यायलाच घाबरलो. मग घरी कुणाला नातवंड झालं, कुणाला नोकरी लागली, असं काहीतरी असेल असं वाटलं. मावशींनी दारातूनच सांगितलं, "विचारू नका. खा."

असे आमचे काका. नातेवाईक त्यांना हसत, आणि मीही हसत असे. हे सगळं आज सांगतोय ते मात्र आप्पांमुळे.

आप्पा म्हणजे माझे वडील. निफाडकडचे. तीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. लासलगावचा कांदा भरायचा आणि दिल्लीच्या मंडईत आणून ओतायचा. आई गेल्यानंतर त्यांचं विसरणं वाढत गेलं. सकाळी काय खाल्लं ते आठवेना, मग शेजाऱ्यांची नावं आठवेनाशी झाली, मग माझ्या धाकट्या भावाला, दत्तूला, ते कधी कधी स्वतःचा क्लीनर समजायला लागले. दिल्लीत मोठे डॉक्टर आहेत म्हणून मी त्यांना आमच्याकडे आणलं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. "हे परत येणार नाही, पण त्यांना घाबरू देऊ नका," एवढं सांगितलं.

आप्पांना घरात कुणाशी काय बोलावं ते सुचत नसे. एका संध्याकाळी काका सहज आले आणि त्यांनी विचारलं, "आप्पा, दिल्लीहून परत जाताना तुम्ही डिझेल कुठे भरायचात?"

आप्पांनी मान वर केली. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. "दिल्लीत न्हाई भरायचं," ते ठामपणे म्हणाले. "मानेसरच्या म्होरं जायचं. हरियाणातच टाकी फुल्ल करायची अन् मग राजस्थानात शिरायचं. राजस्थानात लई चढतो भाव."

"अजूनही चढतो!" काका जवळजवळ ओरडलेच. "अगदी अजूनही!"

त्या दिवसापासून काका रोज संध्याकाळी येऊ लागले. आप्पांना काकांचं नाव कधीच लक्षात राहिलं नाही. काकांनीही ते लक्षात राहावं असा हट्ट धरला नाही. रोज नव्याने ओळख व्हायची आणि रोज दोघं दिल्लीहून नाशिककडे निघायचे. वाटेत कुठे चहा चांगला, कुठे चढ मोठा, कुठल्या राज्यात काय भाव. मी ऑफिसातून येई तेव्हा ते बहुधा राजस्थान ओलांडून गुजरातेत पोचलेले असत.

जानेवारीतल्या एका सकाळी मी ऑफिसात असताना मंजिरीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन आला. ती आंघोळीला गेली होती, कामवाली दार नुसतं ओढून गेली होती, आणि आप्पा घरात नव्हते. फाटकावरच्या गार्डने त्यांना टोपी घालून मोठ्या रस्त्याकडे जाताना पाहिलं होतं. ताठ चालत होते, कामाला निघाल्यासारखे, म्हणून त्याने अडवलं नव्हतं.

मी घरी पोचलो तोवर अकरा वाजले होते. सोसायटीतली माणसं बाजार, मंदिर, बाग, बसस्टॉप सगळं पालथं घालून आली होती. पोलीस चौकीत गेलो. हवालदाराने फोटो घेतला, सगळ्या ठाण्यांना पाठवला आणि मला पाणी दिलं. बाहेर धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. त्या रस्त्यावरून किती ट्रक जातात ते मला माहीत होतं. दत्तूला फोन करायचा होता, पण काय सांगणार?

काका आमच्या सोफ्यावर डोळे मिटून बसले होते. मला रागच आला. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

"जावईबापू, ते हरवलेले नाहीत. ते परत निघालेत."

"म्हणजे?"

"काल मी निघताना मला म्हणाले, गाडी खाली झाली, आता निघायला पाहिजे. मी हो म्हटलं. माझीच चूक." ते सोफ्यावर पुढे सरकले. "आता ऐका. परतीचा ट्रकवाला दिवसा दिल्लीत शिरणार नाही, ट्रकला बंदी असते. तो बाहेरून वळसा घालणार. एखाद्या ट्रकला हात दाखवून बसले असतील. ड्रायव्हर ड्रायव्हरला नाही म्हणत नाही. वळसा निघतो मानेसरपाशी. तिथून पुढे राजस्थान. आणि राजस्थानच्या आधी ते काय करतील?"

मंजिरी हळूच म्हणाली, "डिझेल भरतील."

काकांनी फोन काढला. सहाला भाव विचारायचे तेच सगळे नंबर. पण आज आवाज निराळा होता. "भैया, रेट नहीं चाहिए आज. एक बुजुर्ग हैं हमारे. पचहत्तर के ऊपर. सफेद टोपी, भूरा स्वेटर. मराठी बोलेंगे. ट्रक से उतरे होंगे. ज़रा देख लीजिए, और आगे वाले पंपों को भी बोल दीजिए." एक पंप झाला, दुसरा झाला, पाचवा झाला. कुठेच नव्हते. सातव्याने "देखकर बताता हूँ" म्हणून फोन ठेवला. काका उठले. "चला, बसून राहण्यात अर्थ नाही. रस्त्याला लागू. फोन येत राहील."

गाडीत बसलो. किल्ली फिरवली आणि तो पिवळा दिवा लागला. काटा तळाला टेकला होता. दिल्लीत भरायला म्हणून काका त्याच दिवशी मावशींना घेऊन जाणार होते. मी त्या दिव्याकडे पाहिलं, काकांनीही पाहिलं. काकांनी गाडी फाटकाबाहेर काढली, रस्ता ओलांडला आणि सरळ समोरच्या पंपावर नेऊन उभी केली.

पंपावरच्या माणसाने काकांना आणि गाडीला पाहिलं. रोज समोरून जाणारी गाडी त्याला पाठ असणार. "बाबूजी, आप?"

"फुल कर दो," काका म्हणाले.

"फुल?" मी विचारलं.

"फुल्ल. मधे कुठे थांबायला नको." भावाच्या पाटीकडे त्यांची पाठ होती आणि ते एकदाही वळले नाहीत.

डिझेल भरत असतानाच फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर टाकला. सातवा पंप होता, मानेसरच्या पुढचा. "बाबूजी, आपके बुजुर्ग यहीं हैं. बिल्कुल ठीक हैं. चाय पी रहे हैं, और जो गाड़ी आती है उसके टायर को लात मारकर हवा देख रहे हैं. एक ट्रक की हवा सच में कम निकली."

मी पंपाच्या कडेच्या दगडावर बसलो. रडलो की हसलो ते मला आठवत नाही. पंपावरच्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता एवढं आठवतं. काका मंजिरीला फोन करत होते. "सापडले, बेटा. चहा पितायत," एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि पलीकडून तीही बहुधा तेच पुन्हा पुन्हा विचारत होती.

पुढचा प्रवास मी विसरणार नाही. आपल्याला नव्वदने पळता येतं हे त्या गाडीला त्या दिवशी कळलं असावं. उतार आले आणि गेले, काकांचा पाय उचलला गेला नाही. दोन राज्यांच्या हद्दी ओलांडल्या; वाटेत कितीतरी पंप लागले, पाट्या लागल्या. एरवी त्या मोठ्याने वाचणारे काका समोर बघत राहिले. एकदाच म्हणाले, "मी हो म्हणायला नको होतं काल." मी म्हटलं, "काका, तुम्ही रोज त्यांच्याबरोबर निघत होतात म्हणून तर आज आपल्याला रस्ता माहीत आहे." काकांनी हातरुमालाने काच पुसली. धुकं काचेच्या बाहेर होतं.

दुपारी पोचलो. पंपाच्या आडोशाला, उन्हात, एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आप्पा बसले होते. पायाशी दोन ड्रायव्हर उकिडवे बसून त्यांचं मराठी ऐकत होते. कळत नव्हतं, पण माना हलवत होते. मी वाकून त्यांच्या गुडघ्यांना हात लावला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्यावरून नजर काढून काकांकडे.

"लई उशीर केला," ते काकांना म्हणाले. "टाकी भरली का?"

"भरली, आप्पा. फुल्ल."

"कुठं?"

"घराशेजारीच."

आप्पांनी तोंड वाकडं केलं. "म्हाग पडलं आसंल."

"नाही हो," काका म्हणाले. "फार स्वस्तात पडलं."

पंपाचा मॅनेजर, सहा फूट उंचीचा हरयाणवी गडी, बाजूला उभा राहून काकांना न्याहाळत होता. "तो आप हो रेटवाले बाबूजी! इतने साल से रोज भाव पूछ रहे हो. आज शकल देखी. तेल तो कभी एक लीटर नहीं लिया." काका इतके ओशाळले की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी लगबगीने गाडी पुढे घेतली, टाकीचं झाकण उघडलं, "भैया, जितना आए उतना डालो" म्हणाले. पण टाकी निघतानाच काठोकाठ भरलेली. इतका रस्ता येऊनही जागा झाली होती ती जेमतेम. नळी लगेच खट्ट करून थांबली. मॅनेजर पोट धरून हसला, काकांना मिठी मारली आणि चहाचे पैसे घ्यायला साफ नाही म्हणाला.

परतीच्या वाटेवर आप्पा पुढच्या सीटवर झोपले. मी मागे बसून त्यांच्या टोपीकडे बघत होतो. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

त्यानंतर दारावर वरून कडी बसवली, आप्पांच्या गळ्यात आमचा नंबर लिहिलेला बिल्ला घातला. पण ते इथे रमत नव्हते हेही कळून चुकलं. उन्हाळ्याच्या तोंडावर दत्तू त्यांना न्यायला आला. डॉक्टरही म्हणाले, ओळखीच्या अंगणात बरे राहतील. नेमकी त्याच सुमाराला काकांच्या गाडीला दहा वर्षं पुरी होत होती. दिल्लीत आणि आसपासच्या आमच्या भागात दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालवता येत नाही. ती दुसऱ्या राज्यात तरी पाठवायची, नाहीतर भंगारात. काकांनी घाईघाईने कागदपत्रं केली आणि गाडी दत्तूला दिली. गाडी पुसताना मला म्हणाले, "महाग राज्यात देतोय हो तिला. नाशिकचा भाव मी विचारला." मग जरा थांबून म्हणाले, "पण माणसं चांगली आहेत."

निघायच्या सकाळी सगळी सोसायटी खाली जमली होती. दत्तूने आप्पांना पाय पसरता यावेत म्हणून मागच्या सीटवर उशा लावून ठेवल्या होत्या. काकांनी त्या काढल्या. "मागे नको बसवूस," ते दत्तूला हळूच म्हणाले. "पुढे बसव. त्यांना रस्ता दिसला पाहिजे."

दोन दिवसांनी संध्याकाळी दत्तूचा फोन आला. सुखरूप पोचले होते. वाटेत आप्पांनी त्याला नावाने हाक मारली नाही, मुक्कामाच्या ठिकाणी हे कुठलं गाव म्हणून दहादा विचारलं. पण गाडीत मात्र जागे, ताठ बसून होते. निफाड मागे पडल्यावर फोनमधल्या नकाशाने दत्तूला सरळ जायला सांगितलं. तो सरळ निघालाही होता. तेव्हा आप्पांनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "ड्रायव्हर, इथं डावीकडं घे. माझं घर हाय तिकडं."

मी जिना ओलांडून काकांकडे गेलो आणि त्यांना हे सांगितलं. ते बाल्कनीत बसले होते. खाली, जिथे त्यांची गाडी उभी असे, तिथे कुणीतरी स्कूटर लावली होती. काकांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

"बरं झालं," ते म्हणाले. "पोचले."